कोरा नमुना

मयूरी डोळसने स्वतःचा केस यंत्रात ठेवला तो निव्वळ नियम म्हणून. कुठलाही नमुना तपासण्याआधी एक कोरा नमुना तपासायचा, म्हणजे ज्यात काहीच सापडणार नाही अशी खात्री आहे असा. तिथे यंत्राने 'काही नाही' म्हटलं, की मग दुसरीकडे ते 'आहे' म्हणालं तर त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. नाशिकच्या गोदातीर न्यायरसायन केंद्रात यासाठी कर्मचाऱ्यांपैकी कुणाचाही केस चालायचा. त्या दिवशी मयूरीने आपलाच उपटला. डोकं दुखलं तरी गोळी न घेणारी बाई ती; तिच्याइतकं कोरं तिथे दुसरं कोण असणार?

पडद्यावर रेघा उमटल्या.

नमुने बदलले असावेत असं तिला आधी वाटलं. पण पोलिसांकडून तपासायला आलेलं तनुजा बोरसेच्या केसांचं पाकीट अजून सीलबंद होतं आणि यंत्रातल्या केसाच्या टोकाला तिने स्वतः लावलेल्या मेंदीची लाली होती. तिने दुसरा केस ठेवला, मग सहकाऱ्याला सांगून मानेजवळचा तिसरा उपटून घेतला. तिन्ही केसांत त्याच जागी त्याच रेघा होत्या. औषध क्लोनाझेपाम. झोपेसाठी, घाबरेपणासाठी डॉक्टर देतात ते. आणि कुणाच्या पेल्यात गुपचूप मिसळलं तर माणसाला आपल्याच अंगावरचा ताबा सोडायला लावणारं.

या यंत्राला सगळे केशवाचक म्हणत. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. वाढताना मुळाशी रक्तात जे काही असेल त्याचा अंश केसात अडकतो आणि केसाबरोबर पुढे सरकतो. लघवीतून, रक्तातून ही औषधं काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जातात. केसातून जात नाहीत. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून माहीत होतं, पण जुन्या पद्धतीत केसांचा जुडगा लागायचा आणि उत्तर मिळायचं ते 'या महिन्यात केव्हातरी' एवढंच. केशवाचकाला एक केस पुरे. लेसरचा किरण त्या केसावरून बारीक बारीक पावलांनी चालत जाई आणि प्रत्येक पावलाला तिथले रेणू मोजून घेई. शरीरातली काही संप्रेरकं रोज ठरावीक वेळी चढतात-उतरतात, त्यांच्याही खुणा केसात राहतात. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तशा त्या खुणा मोजत यंत्र सांगे, की औषध अमुक आठवड्यात शरीरात गेलं. चूक झालीच तर दोन-तीन दिवसांची.

तनुजाकडे याच्याशिवाय दुसरा पुरावा नव्हता. शहराबाहेरच्या एका द्राक्षमळ्यात ती पाहुण्यांना मळा दाखवण्याचं काम करायची. हंगाम संपल्याच्या मेजवानीत तिच्या वरिष्ठाने, अद्वैतने, तिला द्राक्षाच्या रसाचा पेला दिला. त्यानंतरचं तिला आठवत होतं ते थेट पाहुण्यांच्या खोलीतलं छत. भीतीने आणि लाजेने ती पोलिसांत उशिरा गेली, तोवर लघवीच्या तपासणीत काही उरलं नव्हतं. अद्वैत म्हणत होता, पोरगी दमली होती, मी तिला आराम करायला नेलं, पुढचं सगळं तिच्या मर्जीनं झालं. केशवाचकाची साक्ष त्या न्यायालयापुढे पहिल्यांदाच येणार होती आणि अद्वैतचे वकील सबनीस तिचा प्रत्येक टाका उसवून बघणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

केंद्राचे प्रमुख इनामदार डबा उघडून बसले होते. मयूरीने आलेख त्यांच्यापुढे ठेवला.

"मॅडम, दिवसभर याच औषधांत वावरता तुम्ही," ते म्हणाले. "हवेतून, हातमोज्यांवरून, कशावरूनही लागतं केसाला."

"बाहेरून लागलं असतं तर नुसतं औषध सापडलं असतं, सर. यकृतातून गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं, तेही सापडलंय. हे माझ्या पोटातून गेलेलं आहे."

इनामदारांचा घास हातातच राहिला. "मग घेतलं असेल तुम्ही. विसरला असाल."

"आठवड्यामागून आठवडे झोपेची गोळी घेऊन विसरेन मी?"

"मग माझा केस घ्या," असं म्हणत त्यांनी टकलावरून हात फिरवला आणि स्वतःच कसनुसं हसले. "बरं, माझा नको. ऑफिसातल्या कुणाचाही घ्या. तुमचा नमुना बाद करा. तो कोरा नव्हता, विषय संपला."

"बाद का केला असं सबनीस विचारतीलच ना? यंत्र चुकलं म्हणून, की..."

"की काय?"

ते वाक्य मयूरीला पुरं करवेना. यंत्र चुकत असेल, तर तनुजाचा केस कचऱ्यात जाईल आणि अद्वैत शीळ घालत घरी जाईल. यंत्र बरोबर असेल, तर तिच्या स्वतःच्या घरात कुणीतरी...

"मला थोडे दिवस द्या, सर," ती म्हणाली.

घरात माणसं तीन. मयूरी, तिचा नवरा हर्षल आणि वडील गेल्यापासून त्यांच्याकडे राहायला आलेली आई, इंदुबाई. स्वयंपाक आई करायची आणि तिघं एकाच भांड्यातलं जेवायचे. बाहेरचं पाणीसुद्धा मयूरी पीत नसे. उरला सकाळ-संध्याकाळचा चहा. तो हर्षल करायचा, अगदी लग्न झाल्यापासून.

रेघा सुरू होत होत्या दिवाळीनंतर आणि संपत होत्या होळीच्या आसपास. तो हिवाळा ती विसरणं शक्य नव्हतं. एका वसतिगृहातल्या मुलींचे नमुने तिच्याकडे आले होते. लहान मुली होत्या, सरबतातून औषध दिलेल्या. ते प्रकरण हातावेगळं झालं तरी तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मग हळूहळू झोप यायला लागली. गाढ, स्वप्नंही न पडणारी. तिला वाटलं, सावरलो आपण. मैत्रिणींना तिने अभिमानाने सांगितलंही होतं, की गोळ्याबिळ्या न घेता निभावलं म्हणून. पुढे एका सकाळी सिग्नलला तिच्या डोळ्यांवर झापड आली आणि स्कूटर दुभाजकावर गेली. मनगट मोडलं. आपल्याच निष्काळजीपणाला दोष देत तिने गाडी चालवणं सोडलं.

आता तोच हिवाळा ती पुन्हा उलगडून बघायला लागली आणि त्यातली प्रत्येक गोष्ट निराळी दिसायला लागली. हर्षलचं अंबडला सौर पंपांचं वर्कशॉप होतं. त्याला ते पुण्याला हलवायचं होतं, तिला नोकरी सोडायची नव्हती. त्यावरून तेव्हा घरात धुसफूस होती. त्याच दिवसांत तो फोन घेऊन गॅलरीत जायचा. "लवकर झोप तू, दमतेस," हे वाक्य त्याच्या तोंडी सतत असायचं. तेव्हा ते मायेचं वाटलं होतं. आणि आलेखात मधोमध एक मोकळी जागा होती, संक्रांतीच्या सुमाराची. संक्रांतीला हर्षल प्रदर्शनासाठी हैदराबादला गेला होता.

तिने पर्समध्ये छोट्या कुप्या ठेवायला सुरुवात केली. चहाचा कप समोर आला की "आलेच" म्हणून आत जायचं, थोडा चहा कुपीत ओतायचा, उरलेला बेसिनमध्ये, आणि रिकामा कप हातात घेऊन बाहेर यायचं. कुपीवर वार लिहायचा आणि 'ह' असं अक्षर. एकदा तो तिच्याकडे बघून म्हणाला, "आलं कमी पडलं का गं? तोंड का असं केलंस?"

"नाही रे. छान झालाय," ती म्हणाली. चहा तिच्या ओठालाही लागला नव्हता.

सगळ्या कुप्या स्वच्छ निघाल्या. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की हा सावध झालाय. नाहीतरी होळीनंतर त्याने थांबवलंच होतं. का थांबवलं? काम झालं म्हणून? कुठलं काम? स्वयंपाकघरात त्याची पाठ दिसली की ती दारातच थांबायची. तो आधण ठेवताना गाणं गुणगुणायचा आणि ते गाणंसुद्धा तिला काहीतरी झाकण्यासाठी म्हटल्यासारखं वाटायचं.

रविवारी सकाळी आई भाजी आणायला खाली गेली होती. हर्षल फ्रिजमध्ये आलं शोधत होता. लोणच्याच्या बरणीमागे त्याला कुप्या सापडल्या. एकेक उचलून, उजेडात धरून त्याने त्यांवरची अक्षरं वाचली.

"हे ह म्हणजे हळद नाही ना?" त्याने विचारलं.

मयूरीने फ्रिजचं दार लावून घेतलं.

"माझा चहा तपासतेस तू?"

मग तिने सगळं सांगितलं, रेघा, तारखा, हैदराबादसुद्धा. बोलताना आपला आवाज कोर्टातल्यासारखा येतोय हे तिला कळत होतं, पण तो बदलता येत नव्हता. हर्षल स्टुलावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"तुझ्या त्या रेघा मध्ये किती दिवस नाहीत?"

"जवळजवळ तीन आठवडे."

"हैदराबादहून मी आठवड्याच्या आत परत आलो होतो. बाकीचे दिवस काय केलं मी? सुट्टी घेतली?"

हे तिला सुचलंच नव्हतं. एरवी प्रत्येक आकडा दहादा पडताळून बघणारी ती, तिने मोकळ्या जागेची सुरुवात जुळवली होती आणि शेवट बघितलाच नव्हता.

"मी गॅलरीत फोनवर काय बोलायचो ते विचारलंस कधी?" तो म्हणाला. "पुण्याची जागा नाकारायची कशी, ते बोलत होतो. तुला नोकरी सोडायला लागू नये म्हणून." तो उठला, आत जाऊन बॅगेत चार कपडे कोंबून बाहेर आला. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाला, "हैदराबादहून आलो तेव्हा घरात सणाचा तिळगूळसुद्धा नव्हता. तुला आवडतात म्हणून वड्या आणल्या मी दुकानातून. एरवी त्या हिवाळ्यात डोळे उघडे ठेवून तू चार वाक्यंही माझ्याशी धड बोलली नाहीस. दमली असशील असं वाटलं मला. संशय नाही आला. वर्कशॉपवर आहे मी."

तो गेल्यावर मयूरी कुप्यांकडे बघत उभी राहिली. आणि मग तिच्या मनात आलं, की तिळगूळ का नव्हता? आई असताना संक्रांतीला घरात तिळगूळ नाही असं कसं होईल?

त्या संक्रांतीला आई घरी नव्हतीच. मयूरीच्या भावाला मुलगी झाली म्हणून ती धुळ्याला गेली होती. तीन आठवडे.

इंदुबाई भाजी घेऊन परत आल्या आणि खाली बसून मेथी निवडायला लागल्या. मयूरी समोर बसली. ती आईच्या बोटांकडे बघत होती.

"आई, बाबा गेल्यावर तुला डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या कुठं आहेत?"

बोटं थांबली. "संपल्या."

"कोणी घेतल्या?"

इंदुबाईंनी निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकाच ढिगात लोटली. मग म्हणाल्या, "अर्धी गोळी असायची. तुझ्या ताकाच्या वाटीत. जास्त नाही दिली कधी."

मयूरीने मेथीचा ढीग बाजूला सारला.

"माय, तू दिसत नव्हतीस का मला? रात्र रात्र घरात फेऱ्या मारू राहिली होतीस. हात धुऊन धुऊन सालटी निघाली होती तुझी. त्या पोरींची नावं घ्यायचीस. तुझे बाबा आधीच गेलेले. तुलाही काही झालं तर, असं वाटायचं मला."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"नसती घेतली."

"मग?"

"मग काय, आई? मी नको म्हटलं असतं, म्हणून तू विचारलंच नाहीस. त्या पोरींना सरबत देणाऱ्यानेही विचारलं नव्हतं."

इंदुबाईंचा चेहरा पांढरा पडला. "त्याच्याशी मला जोडतेस?"

"नाही. पण यंत्राला फरक कळत नाही. आणि तेव्हा माझ्या शरीरालाही कळला नाही." मयूरी थांबली. पुढचं तिला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवणारही नव्हतं. "होळीच्या वेळी का थांबवलंस?"

इंदुबाई मेथीच्या काड्या गोळा करायला लागल्या.

"तुझा हात मोडला ना, त्या दिवशी सगळ्या गोळ्या टाकून दिल्या मी," इंदुबाई म्हणाल्या. "देवापुढे नाक घासलं."

"मला मात्र सांगितलं नाहीस. चूक माझीच, असं मी आजवर धरून चालले. गाडीला हात लावला नाही."

"कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

मयूरी उठून गॅलरीत गेली. आईने काय केलं याहून तिला दुसरंच काहीतरी जास्त बोचत होतं. तो हिवाळा तिने स्वतःच्या बळावर पार केला होता, निदान तिची तशी समजूत होती. आता तेवढंही तिचं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इनामदारांनी पुन्हा विचारलं. मयूरीने आपला नमुना बाद केला नाही. दुसऱ्या दोघांचे केस कोरे नमुने म्हणून तपासले, ते स्वच्छ निघाले, आणि आपल्या केसाचा अहवालही तिने जोडला. तनुजाच्या केसात एकच रेघ होती, मेजवानीच्या आठवड्यातली. तिच्या मागे-पुढे सगळं कोरं.

"आई," घरी येऊन तिने सांगितलं, "कोर्टात मला विचारतील. मी खोटं बोलणार नाही."

"नाव घेशील माझं?"

"घ्यावं लागेल."

इंदुबाई पदराशी चाळा करत राहिल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "तू नको घेऊस. मीच येते."

सबनीसांचा आवाज मृदू होता. साक्षीदाराला ते हाताला धरून खड्ड्यापर्यंत नेत.

"डोळसबाई, तुमच्याच केसात हे औषध सापडलं. तुम्ही घेतलं होतं?"

"नाही."

"म्हणजे न घेतलेलं औषध हे यंत्र दाखवतं. माझ्या अशिलाविरुद्ध याच यंत्राची साक्ष आहे." ते न्यायाधीशांकडे वळून हसले.

"मी घेतलं नाही," मयूरी म्हणाली. "मला देण्यात आलं. माझ्या नकळत."

न्यायालयात कुजबूज झाली. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. सरकारी वकिलांनी पुढची साक्ष मागितली. मयूरीच्या केसाचा आलेख सीलबंद पाकिटात न्यायाधीशांपुढे होता. मयूरीने आईपुढे त्यातली मोकळी जागा कधी बोलून दाखवली नव्हती आणि सरकारी वकिलांनी इंदुबाईंना कुठलाही कागद दाखवला नव्हता.

पिंजऱ्यात उभ्या राहिल्यावर इंदुबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. गोळी कोणती, किती, कशातून, हे त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

"लेकीची नोकरी वाचवायला हे बोलताय तुम्ही," सबनीस म्हणाले.

"खोटंच बोलायचं असतं तर 'नाही दिली' म्हटलं असतं, साहेब. घरात सुखानं राहिले असते."

"केव्हापासून केव्हापर्यंत दिलीत?"

"भाऊबीज झाली, तेव्हापासून. होळीच्या आदल्या आठवड्यात तिचा अपघात झाला, तोवर."

"रोज, न चुकता?"

"नाही. मध्ये धुळ्याला होते मी, नातीच्या वेळी. संक्रांतीच्या थोडं आधी गेले, महिना सरता सरता आले. तेव्हा नाही दिली. द्यायला कोणी नव्हतं."

न्यायाधीशांनी पाकीट फोडलं. आलेखावरून त्यांचं बोट सावकाश फिरत गेलं, मोकळ्या जागेशी थांबलं आणि पुढे सरकलं. सबनीसांनी आणखी काही विचारलं नाही. तनुजा शेवटच्या बाकावर बसली होती, तिने डोळे मिटून घेतले. खाली उतरताना इंदुबाईंचा पाय अडखळला. मयूरीने हात पुढे केला; आईने तो धरला, पण नजर वर केली नाही.

अद्वैतला शिक्षा झाली. इंदुबाई त्याआधीच धुळ्याला निघून गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "आता माझ्या हातचं जेवताना तुझा घास अडेल." नाही अडणार, असं मयूरीला म्हणायचं होतं. तिने आईची पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

खटल्याची बातमी झाल्यावर केंद्राच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणी सून, कुणी म्हातारे सासरे, कुणी वसतिगृहातली मुलगी. रुमालात, पाकिटात, प्लास्टिकच्या पिशवीत आपापले केस घेऊन. एक बाई नवऱ्याबरोबर आली आणि त्याच्यासमोरच म्हणाली, "ह्यांच्यावर संशय नाही हो माझा, सहज बघायचंय." नवरा भिंतीकडे बघत होता. मयूरी त्यांना समजावून सांगायची, की पोलिसांच्या मार्फत या. काहींना तिला विचारावंसं वाटायचं, की उत्तर मिळाल्यावर काय करणार आहात? पण तो प्रश्न विचारणारी आपण कोण, असं वाटून ती गप्प बसायची.

एका दुपारी ती अंबडला गेली. हर्षल एका पंपाची मोटर खोलून बसला होता. तिला बघून त्याने हात पुसले, पण उठला नाही. ती शेजारच्या खोक्यावर बसली.

"आईंनी साक्ष दिली ते वाचलं मी," तो म्हणाला. "अवघड झालं असेल."

"माफी मागायला आले आहे."

"माफीचं बघू." त्याने एक नट बोटांत फिरवला. "एकच सांग. इतके दिवस तू शोधत होतीस. आईंवर तुला एकदाही संशय आला नाही?"

"नाही."

"माझ्यावर लगेच आला."

मशीनचा आवाज पलीकडून येत होता. मयूरीला वाटलं, म्हणावं की चहा तू करायचास, तारखा जुळत होत्या. खरं तर ते सगळं नंतरचं होतं.

"हे करणारा तू निघालास तर मी कशीबशी उभी राहीन, असं वाटलं," ती म्हणाली. "आई निघाली तर नाही. म्हणून तिच्याकडे बघितलंच नाही मी."

हर्षलने नट मुठीत घेतला. "म्हणजे मी सोसण्यासारखा होतो."

"हो," ती म्हणाली. "तेव्हा तसं वाटलं."

"आणि आता?"

"आता आईच निघाली. आणि तूही घरी नाहीस."

त्याने नट खाली ठेवला. खोललेल्या मोटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो 'येतो' म्हणाला नाही आणि 'जा' असंही म्हणाला नाही. पायाने दुसरं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "त्या खोक्याला खिळे आहेत. इथं बस."

ती उठून तिथे बसली.